गढूळ नसेल तोवर

आमच्या छपराहून पाण्याची पातळी
नऊ मीटर वर होती.
मध्ये फक्त माती.
आई सकाळी कॉफी उकळायची तेव्हा
तिच्या डोक्याच्याही वर कुठेतरी बदकं पोहत असायची.
यात कुणाला काही नवल वाटायचं नाही.

धरण लाटेगानचं. कागदावर तसंच.
लाँगक्लूफमध्ये ज्याची जमीन त्याचा ओढा,
ज्याचा ओढा त्याची भिंत,
आणि भिंतीखालची अकरा घरं
ज्याची भिंत त्याचीच.

पण तिच्या पोटात काय आहे ते बाबाला ठाऊक.
एकोणीस वर्षांचा होता. वीतभर माती पसरायची,
पाणी शिंपायचं, आणि सहा गाढवं
या टोकापासून त्या टोकापर्यंत
नुसती चालवत राहायची.
खुरांनी माती बसली की पुन्हा वीतभर.
असे तेरा महिने.
"किती चाललास?" मी विचारायचे.
"केपटाऊनला जाऊन आलो असतो," म्हणायचा,
"गाढवं तर दोनदा."
केपटाऊन त्याने पाहिलं नाही.

पायथ्याशी एक लोखंडी नळी.
तिच्यातून धरण रात्रंदिवस पाझरायचं.
पाझरू दे, बाबा म्हणायचा, मातीच ती,
जी पाझरत नाही तिलाच भ्यावं.
तू फक्त रंग बघ.
रोज पहाटे जर्दाळूच्या जॅमची रिकामी बरणी
नळीखाली धरायची, मग उजेडात.
बरणीतून कौगाचे डोंगर उलटे दिसले
की "ठीक," म्हणायचा, आणि ते पाणी
पुदिन्याला ओतायचा.
एकतीस वर्षं ठीक.

एकदा जॉर्जहून इंजिनिअर आला.
भिंतीवरचं वॉटल तोडा म्हणाला,
साळिंदराचं बीळ बुजवा म्हणाला,
फॉर्म भरताना विचारलं, खाली वस्ती?
"वस्ती नाही," लाटेगान म्हणाला, "मजूर आहेत."
बाबा तिथेच उभा होता.
घरी येऊन त्याने फक्त साळिंदराचं सांगितलं.

ऑक्टोबर. सफरचंदांना फुलं. धरण काठोकाठ.
त्या पहाटे बरणीत डोंगर दिसले नाहीत.
दूध घातलेल्या रूइबॉससारखं पाणी.
कुठेतरी मुरत होतं,
आणि मुरता मुरता माती सोबत नेत होतं.

बाबा मोठ्या घराकडे नाही गेला आधी.
आधी आमची दारं वाजवली, अकराच्या अकरा.
म्हातारी सिना विंटफोगल उठेना,
तिला खाटेसकट टेकाडावर नेलं,
ती वाटभर शिव्या देत होती.
मग व्हॉल्व्ह उघडला. अर्धाच.
एकदम रिकामं केलं तर आतला उतार ढासळतो,
हे त्याला कुठल्या फॉर्मने शिकवलं नव्हतं.

तोवर लाटेगान आला, पायजम्यावर, एका पायात बूट.
"माझं पाणी! माझा अख्खा उन्हाळा!"
बाबाने चाकावरचा हात काढला नाही.
"पाणी तुमचंच, मेनीर," म्हणाला.
"कुणाच्या घरात शिरायचं, ते तेवढं तुमचं ऐकत नाही."

चार दिवस ओढा वाहत राहिला.
धरण फुटलं नाही.
फुटलं असतं का, तेही कळलं नाही.
त्या साली सफरचंदं लिंबाएवढी राहिली
आणि लोक हसले, आमच्यातलेसुद्धा:
अपूल्सला साळिंदर चावलं.
सिना तर मरेपर्यंत खाटेचा मोडलेला पाय दाखवायची.
बाबा पहाटे उठायचा, दुसरी बरणी घ्यायचा.

ती पहिली माझ्याकडे आहे, झाकण घट्ट लावलेली.
ठेवून दिली की
वर नितळ, तळाशी बोटभर पिवळी माती,
गाढवांनी चालून चालून बसवलेली.
माझा मुलगा येता जाता हलवतो.
मी ओरडत नाही.
फक्त ती पुन्हा निवळेपर्यंत
मला दुसरं काही सुचत नाही.