सरावाचा माणूस

दुबईतला मॉल बंद झाला की
मला पुरतात.
बाहेर एकोणचाळीस, आत उणे दोन.
खड्ड्यावर फळी, फळीवर हातभर बर्फ,
छातीशी बीप बीप करणारं यंत्र.

ही मंडळी पुढच्या महिन्यात जॉर्जियाला निघालीत.
लेवान बजावतो: नवा बर्फ जुन्यावर लगेच बसत नाही,
दोन दिवस कळ काढा.
उतार एकेकट्यानं ओलांडा.
आणि पंधरा मिनिटं. त्यानंतर शोधायचं ते प्रेत.

मला वरचं सगळं ऐकू येतं,
बुटांची करकर, शम्माचं हसणं,
इकडे, नाही, तिकडे.
माझी हाक मात्र वर पोचत नाही.
परवा मारून पाहिली.

आमच्याकडे विहिरीची दरड ढासळली तेव्हा
येसूमामा मुरमाला कान लावून पडला होता,
अख्ख्या गावाला गप्प बसवून.

आज सळई फळीवर वाजली, टक्.
मग फावडी, मग उजेड.
हुमैद नावाच्या पोरानं मोजा काढून
उघड्या हातानं माझ्या भुवयांवरचा बर्फ पुसला,
विचारलं, नाव काय तुझं?

गहिनीनाथ.
दात वाजत होते,
दोनदा सांगावं लागलं.

लेवाननं घड्याळ बघितलं. सतरा मिनिटं.
म्हणाला, पुन्हा पुरा.