फ्रेम एकेचाळीस

फ्लॅगस्टाफमध्ये रात्री दिवे मंद ठेवायचा कायदा आहे.
रस्त्यावरचे दिवे पिवळे, मान खाली घातलेले,
ओरडा खाल्लेल्या पोरांसारखे.
त्यांच्यामागे पाइनची झाडं, झाडांमागे मालगाडी,
आणि तिसऱ्या मजल्यावर मी,
शनीपाशी फिरणाऱ्या यानाने धाडलेले फोटो
निवडत बसलेली.

निवडणं हाच शब्द बरोबर.
पगाराच्या कागदावर काही भारदस्त लिहितात,
पण काम तेच: डोळे बारीक,
हा दाणा, हा खडा.
कुठल्याशा मेलेल्या ताऱ्याचा कण
कॅमेऱ्यावर येऊन आदळतो, पांढरा ठिपका पडतो. खडा.
काही पिक्सेल जन्मापासून खोटं बोलतात. खडे.

आणि त्याही आधी
कॅमेऱ्याचं झाकण मिटून
अंधाराचा फोटो घ्यायचा असतो.
तो कधीच पुरता काळा येत नाही.
यंत्राच्या स्वतःच्या अंगची ऊब त्यात उमटते.
तेवढी नंतर प्रत्येक चित्रातून वजा करायची.
हे मला वेंडेल त्सोसीने शिकवलं, पहिल्याच आठवड्यात,
सँडविच खाता खाता, बोटाला मोहरी लागलेली.

मार्चमधल्या एका मंगळवारी
आदेशांच्या यादीत सात मिनिटं रिकामी होती.
सूर्य शनीच्या आड जाणार होता.
तेवढ्यात डोळे न दिपता
घराकडे वळून बघता येईल, असं ठरलं.
यान वळलं.
शुक्र आला. मंगळ आला. गुरू, जरा बाजूला, ऐटीत.
पृथ्वी आली नाही.

दोन दिवस शोधली.
दिशा बरोबर, आकडे बरोबर, फ्रेम एकेचाळीस,
आणि तिथे नुसता काळोख,
गुळगुळीत, माझ्या हातचा.
वेंडेल म्हणाला, कच्चं चित्र उघड.
उघडलं.
होती.
एक पिक्सेल.
काळ्या गालावर पांढरी तीट.
माझ्या प्रोग्रॅमने तिला खडा समजून
वेचून टाकलं होतं.

ओळ एकशे बारा. एकच अट:
शेजारी कोणी नसेल, तर पुसून टाक.
मीच लिहिली होती, गेल्या हिवाळ्यात,
बाहेर बर्फ पडत असताना,
स्वतःवर खूश होऊन.

वेंडेल हसला नाही.
म्हणाला, नियम वाईट नाही गं,
आणि पुढे काही तरी म्हणणार होता,
पण मालगाडी आली, आणि ती इथे लांबलचक असते.

प्रकाशाला तिथवर जायला ऐंशी मिनिटं.
मी उलट मोजत आले.
तो उजेड निघाला तेव्हा इथे रात्रीचे दहा वीस:
मी फोर्थ स्ट्रीटच्या लाँड्रीत
मशीनमध्ये अडकलेलं क्वार्टर
किल्लीच्या टोकाने उचकटत होते.
पण फ्लॅगस्टाफ तेव्हा पलीकडच्या बाजूला, काळोखात.
कॅमेऱ्यासमोर होता हिंदी महासागर
आणि वरच्या अंगाला, कुठे तरी, कराड.
सकाळचे दहा पन्नास. बुधवार.

म्हणजे फोटोत मी नव्हतेच.
हणमंत होता.
नऊ महिने आमचं बोलणं नाही,
आणि कारण विचाराल तर
आता दोघांनाही नीटसं सांगता येणार नाही.

फोन लावला.
मागे गोण्या उतरल्याचा धप्प आवाज,
कोणी तरी हरभऱ्याचा भाव विचारत होतं.
म्हटलं, बुधवारी, अकराच्या आधी,
तू काय करत होतास?
तो गप्प.
का? काही झालं का?
नाही रे. सहज.
बुधवारी, म्हणाला, बुधवारी...
मग पूर्वीसारखा, तक्रारीच्या सुरात:
काट्याचा माणूस आला होता दुकानात.
नवा वजनकाटा शून्यावर येतच नव्हता.
ताटलीत काही नसताना
अकरा ग्रॅम दाखवत होता.