फेरी

बत्तीस वर्षं जिंतूर आगारात
गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या.
परभणी सहा दहा.
नांदेड सहा चाळीस, उशिरा.
औंढा : फेरी रद्द.
म्हणून शर्यत ठरली तशी पोरं घरी आली,
म्हणाली, काका, तुमाला घड्याळाची सवय हाय.

मुरमाची बंद पडलेली खदान.
काठावर लग्नाच्या मांडवातला टेबल,
टेबलावर वही, दोन पेन, चौघांचे चार मोबाइल,
आणि चारींमध्ये सेकंदांचा चार प्रकारचा हिशोब.
बावीस गाड्या. बहुतेक स्प्लेंडर,
मडगार्ड काढलेल्या, सायलेन्सर कापलेल्या,
एक तर दूधवाल्याची, कॅनचे हूक तसेच.
आठ फेऱ्या मारायच्या.

नंबर इलियास पेंटरनं तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर काढलेले.
दुसऱ्या फेरीला तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले.
तिसरीला सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या,
माणसंसुद्धा.
फक्कीची रेघ तर कधीच टायरांना चिकटून
खदानभर वाटली गेली होती.
मग ठरलं : ही बाभळ ते तो पाण्याचा ड्रम, मधोमध धरा रेघ.

वैजंता नंबर ओरडायची, मी काड्या मारायचो,
चार उभ्या, पाचवी आडवी.
ती डोळे मिटून ऐकायची.
"चौदा. ह्याची चेन वाजते.
नऊ.
हा सतरा, गिअर उशिरा टाकतो."
बीएस्सीला आहे पोरगी. तिला नाही चुकवता येत.

पाचव्या फेरीला तिघं एकदम आले.
वळणावरून धुळीची भिंतच चालत आली म्हणा ना,
आणि नेमकं तेव्हाच
मला शिंक आली.

बस, एवढंच.

चौदा नंबरला हार पडला, ढाल मिळाली,
हलगीवाला वाजवून वाजवून घामाघूम झाला.
गर्दी पांगल्यावर तेवीस नंबर आला.
मुंजा गिराम, बोरीचा.
गुडघा सोललेला, हेल्मेट काखेत.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
"काका," म्हणाला, "एक फेरी खाल्ली तुमी माझी."

व्हिडिओ पाहिला, तिघांच्या मोबाइलमधला.
एकात धूळ.
एकात धूळ, आणि धुळीत कुणीतरी.
तिसऱ्यात शूट करणाऱ्याचं बोट.
वैजंता म्हणाली, मी तेवीस म्हणाले होते, बहुतेक.
ह्या "बहुतेक"ला कोणता रकाना द्यायचा?
आयोजक म्हणाले, वहीत हाय तेच खरं.

वहीत आहे तेच खरं.
हे वाक्य मीच किती जणांना ऐकवलंय खिडकीतून.

एकदा पहाटे हिंगोलीची गाडी आली होती.
माझा डोळा लागला होता.
माणसं उतरली, गाठोडी उतरली,
कंडक्टरनं चहा घेतला, गाडी धुवायला गेली.
रजिस्टरात ओळ कोरीच राहिली.
अठ्ठावीस माणसं आपापल्या घरी पोचली,
पण कागदावर ती गाडी
अजून रस्त्यातच आहे.
कोणत्या फाट्यावर असेल,
कधी कधी रात्री विचार येतो.

"मला ढाल नको," मुंजा म्हणाला.
"सातवा काय अन् तिसरा काय.
पर म्या आल्तो. एवढं लिव्हा की."

वहीच्या टोकाला शेऱ्याचा रकाना आखला होता,
सवयीनं, कुणी सांगितला नव्हता.
त्यात लाल पेनानं लिहिलं :
गाडी क्र. २३. पाचवी फेरी आली. नोंद राहिली.
खाली सही.
वेळेची जागा कोरी सोडली.
खोटी वेळ मी आयुष्यात लिहिली नाही,
आणि खरी कुणाकडेच नव्हती.

त्यानं वाचलं, दोनदा. "बरं," म्हणाला.
हेल्मेट हँडलला अडकवलं, किक मारली.
परत मारली.
पाचव्या किकला गाडी सुरू झाली.
ही मात्र
मी मोजली.