आधी अ, मग द

घणसोली गावात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी, सात ते साडेआठ
मी इंग्रजी शिकवते.
खाली गिरणी सुरू झाली की फळा थरथरतो
आणि माझं अक्षर मुळातच वाईट.

सुरुवात नेहमी 'इट'पासून.
इट इज लेट. इट इज हॉट. इट इज नाइन ओ'क्लॉक.
"इट म्हणजे कोण, मॅडम?" सुवर्णा विचारते,
ऐरोलीच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी.
कोणी नाही गं. वाक्यात पहिली खुर्ची रिकामी ठेवत नाहीत ते,
म्हणून कुणालातरी बसवतात.
आपल्याकडे उशीर आपला आपण होतो.

मग भूक.
आपल्याला ती लागते, बाहेरून येऊन,
जशी ठेच लागते, नजर लागते, घराचं वेड लागतं.
त्यांच्यात माणूसच भुकेला असतो. आय ॲम हंग्री.
पार्सलं पोचवणारा इर्शाद म्हणाला,
"हे पटतं मला. दुपारी तीनला मी दुसरा कोणी नसतोच."

हसुराम घरत शेवटच्या बाकावर, एकसष्ट वर्षांचे.
वही नातवाची, मागच्या पानापासून सुरू केलेली.
पिशवीत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून, एक कागद.
त्यातलं एकच वाक्य हवं होतं त्यांना:
लँड वॉज ॲक्वायर्ड.

मी फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली.
कर्मणी प्रयोग. पुढे 'बाय' लावून कर्ता सांगता येतो,
पण कर्ता माहीत नसेल, किंवा महत्त्वाचा नसेल,
तर गाळतात.
"यातला कंचा?" त्यांनी विचारलं.
"म्हाईत नाय, का महत्त्वाचा नाय?"

मी डस्टर शोधत राहिले. तो माझ्या हातातच होता.

तेच म्हणाले मग,
"पन आमी तरी काय बोलतो? जमीन गेली.
जशी तीच उठली नि चालाया लागली."

त्या शुक्रवारी पाठ होता 'यूज्ड टू'चा.
जे असायचं आणि आता नाही, त्याचा.
प्रत्येकाने एक वाक्य.
सुवर्णा: आय यूज्ड टू स्लीप ॲट नाइट.
सगळे हसले, तीसुद्धा.
हसुराम उठले. खडू चिमटीत नाही, मुठीत.
देअर यूज्ड टू बी द सॉल्ट पॅन.

सगळं जागच्या जागी. मी फक्त 'द' खोडला, 'अ' केला.
पहिल्यांदा नाव घेताना अ.
ऐकणाऱ्याला कुठलं ते कळलं, की मग द.
"म्हंजे तुमाना म्हाईत नाय, म्हून अ."
हो.
"मंग सांगतो."

आणि सांगू लागले, मराठीत, वर्गाचा नियम मोडून.
बांध कुठून कुठे जायचा.
खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी,
उधाणाच्या रात्री तिच्यावर कोण पाळीने बसायचं.
सुकट आणि भाकरी, बरोबर मीठ कोणी नेत नसे.
आणि मीठ ओढायचं फावडं लाकडाचंच का:
"लोखंडाला मीठ खातं."
कर्ता मीठ, कर्म लोखंड.
एवढं स्वच्छ वाक्य त्या आठवड्यात
माझ्या फळ्यावर आलं नव्हतं.

पावणेनऊ झाले. इर्शादचा फोन दोनदा वाजून थांबला.
गिरणी कधी बंद झाली ते कळलं नाही.
मग हसुराम पुढे आले,
माझा अ बोटाने पुसला
आणि तिथे परत द लिहिला.
मी तपासलं. आता बरोबर होतं.

जिन्यात, हेल्मेट काखेत धरून, इर्शाद थांबला.
"मॅडम, ती काचेची बिल्डिंग, तिथे मी रोज जातो. गेट नंबर दोन.
बांध कुठल्या बाजूला म्हणाले ते?"