ईशान्येचा कोपरा

कीटकशास्त्र विभागाची यादी
मार्चअखेर वर पाठवायची होती.
मी ग्रंथालयात सहायक. विज्ञान मला येत नाही,
बेरीज येते.

वरून पत्र होतं: शास्त्रज्ञांची क्रमवारी लावा.
कुणाचा लेख जगात किती जणांनी तळटीपेत घेतला,
किती जणांनी नाव घेऊन पुढची ओळ लिहिली.
ज्याचे नऊ लेख नऊ-नऊ वेळा तरी उल्लेखले गेले
त्याचा एच नऊ.
दहाव्यालाही नऊच मिळाले
तर तो दहावा पंगतीबाहेर,
ताट मांडून बसलेला.
आपल्याच हाताने थोपटलेली पाठ धरायची नाही,
मुजीब म्हणाला, आणि वजाबाकीचा रकाना आखला.

परभणीत पारा बेचाळीसवर, कूलर कोरडा,
आणि पडद्यावर नैरोबी, खार्टूम, कुठली कुठली माणसं
आमच्या ज्वारीच्या खोडमाशीवरून भांडत होती.

एकूण उद्धरणांत सगळ्यात वर
डॉ. दिगंबर पौळ.
एच जेमतेम सहा,
पण एका लेखाला दोनशे बारा.
चौऱ्याण्णव सालचा, साडेतीन पानी.

बेरीज पडताळायला म्हणून आत शिरलो.
पहिला म्हणतो: पौळ यांच्या निष्कर्षाच्या अगदी उलट.
दुसरा: पौळ यांचा दावा आम्हाला आढळला नाही.
सतरावा सभ्य: फेरतपासणीस वाव आहे.
दोनशे बारा माणसं रांग लावून
एका माणसाला नाही म्हणत होती
आणि प्रत्येक नाही
एक म्हणून जमा होत होतं.

बोलावलं तर आले, चप्पल दाराबाहेर काढून.
"वाणाची परीक्षा होती ती," म्हणाले.
"माशी यावी म्हणून सऱ्यांत सुकटीचा भुगा टाकायचा,
वासाने येते.
ईशान्येच्या कोपऱ्यात एकही पोंगा मेला नाही.
आनंदाने रात्रभर झोप नाही.
लिहून टाकलं, हा वाण माशीला दाद देत नाही."

नऊ वर्षांनी धुरपताबाई
रोजंदारी सोडताना, बांधावर तंबाखू मळत बोलल्या:
"त्या कोपऱ्याला सुकट पुरलीच नव्हती की, सायेब.
अर्धं पोतं कुत्र्यानं वढून नेलं.
तुमी खूश दिसला,
मग म्या कशाला बोलू."

दुरुस्ती छापली होती त्यांनी, पाऊण पान,
शेवटी धुरपताबाईंचे आभार.
मी शोधली. उद्धरण एक,
त्यांनी स्वतःच दिलेलं.
नियमाप्रमाणे वजा केलं.

"नाव यादीतून काढू का, सर?"
"कोणत्या नियमाने?"
मी पत्र पुन्हा वाचलं. तसा नियम नव्हता.
शिक्का मारला.

सत्कार झाला. शाल, नारळ,
हॉलमध्ये पहिल्या तीन रांगा भरलेल्या.
"जगाने यांची दखल घेतली," कुलसचिव म्हणाले,
आणि ते खोटं नव्हतं.
सर उठले, म्हणाले, "ही गर्दी माझ्या चुकीची आहे."
माईक खरखरला.
लोकांना तो विनय वाटला,
टाळ्या बऱ्याच वेळ.

परवा पुन्हा आले. चप्पल बाहेर.
"काही नवीन?"
"दोनशे तेरा."
"विरोधात?"
"विरोधात."
"नीट मोजलंय का त्याने?"
मी पडदा त्यांच्याकडे वळवला. तक्ता होता,
सरीवार, सुकट किती ग्रॅम, कुठल्या तारखेला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
काचेला नाक लागेल इतके वाकले,
आणि बोट एकेका चौकटीवरून सरकत
वर, उजवीकडे,
त्या कोपऱ्यापर्यंत गेलं.
तिथे आकडा होता.
"भरलाय," ते म्हणाले,
आणि बराच वेळ बोट काढलं नाही.