अळणी

शेजारच्या लुर्देसला ऑलिव्ह मुरवायला मीठ हवं होतं,
म्हणून बरणी पालथी केली
आणि तळातून गोळ्या निघाल्या.
पांढऱ्यात पांढऱ्या, कडा झिजलेल्या.
मोजल्या. एकोणीस.

बरणीला मी पाच महिने हात लावला नव्हता, बेल्मिरो.
तुला ते ठाऊक होतं.

सेहेचाळीस उन्हाळे तू
आवेइरूच्या आगरात अनवाणी उभा राहिलास,
उत्तरेचा वारा पाठीवर, दाताळं हातात,
खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत.
टाचांच्या भेगा अजून भरल्या नाहीत.
लग्नात माझ्या बापाला तू
मिठाच्या सायीची पुरचुंडी दिली होतीस,
सोनं द्यावं तशी, दोन्ही हातांनी.
खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस.
त्याच्या सूपातलं मीठ काढून घेताना
माझाच हात चोरासारखा व्हायचा.

आमच्याकडे वारांना आकडे असतात.
सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, शुक्रवार सहावा.
पहिला असा वारच नाही.
डबीचे सात खण मी रविवारी रात्री भरायचे,
आणि तू रोज सकाळी पाण्याचा घोट घेऊन
मान मागे टाकायचास. काय सुंदर नाटक!

मी ओरडले नाही.
तीन दिवस मिठाची गुळणी धरून बसले.
चौथ्या दिवशी तुझ्या भावाकडे घेऊन गेले.
झेफेरिनो खिडकीत होता,
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
झोपलेलं मांजर ठेवावं तसा.
त्यालाही काही होत नव्हतं.
डोकं दुखत नव्हतं, गरगरत नव्हतं,
म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या.
परतताना पुलावर तू थांबलास,
कठड्याला धरून म्हणालास,
पत्त्यांच्या डावात तीनदा उठावं लागतं.
आमांदिओ सगळ्यांसमोर म्हणाला, नळ गळतोय म्हाताऱ्याचा.

एवढंच?
एवढंच.

आरोग्यकेंद्रात फिलोमेना हसली नाही.
तिने तुला आधी बसवून, मग उभं करून रक्तदाब मोजला,
डॉक्टरांना आत जाऊन काही विचारून आली.
पाणी उतरवणारी गोळी आता पहाटे घ्यायची,
चारच्या डावापर्यंत तिचा जोर ओसरतो.
दुसरी गोळी निम्मी,
उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ते तू आम्हाला सांगितलंच नव्हतंस.
खाटेच्या कडेला आधी बसायचं,
पाय हलवायचे, मग उठायचं.
आणि न विचारता काही बंद करायचं नाही, सेन्योर बेल्मिरो.
तू मान डोलावलीस, मग म्हणालास,
आगरात आम्ही पाणी घालवतो नि मीठ राखतो,
तुमची गोळी दोन्ही घालवते.
राहतं काय मग?
ती म्हणाली, तुम्ही.

त्या रात्री यंत्र घरी आलं.
तुझे आकडे बरे आले,
तर तुला चेव चढला.
ये एर्मेलिंदा, तुझाही बघू.
पट्टा फुगला, दंड आवळला, सुस्कारा टाकत सुटला.
एकशे अडुसष्ट. चौऱ्याण्णव.
यंत्र बिघडलंय, मी म्हणाले.
मला तर काहीच होत नाही.
तू माझ्याकडे बघत राहिलास,
आणि मला ऐकू आलं,
ही वाक्यं कुणाची आहेत ते.

पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी.
यंत्र शहाणं होतं.

आता टेबलावर दोन डब्या आहेत,
तुझी निळी, माझी हिरवी.
माझी तू भरतोस, रविवारी,
चष्मा नाकावर घसरलेला,
ओठ हलताहेत: दुसरा, तिसरा, चौथा.
गोळी गिळल्यावर मला तोंड उघडायला लावतोस.
जीभ वर कर म्हणतोस. तुला सगळ्या चोरवाटा माहीत.

काल लुर्देस वाटीभर ऑलिव्ह देऊन गेली,
आपल्याच बरणीतल्या मिठात मुरलेले.
तीन पाण्यांतून धुतले.
तू एक घेतलास. मी एक.
बी मात्र किती तरी वेळ
तोंडात घोळवत राहिलो.