अंदाजे वजन

स्ट्रेचरवरून त्याला काट्यावर उभं करता येईना.
पोट फळीसारखं, गुडघे छातीशी,
तेव्हा मी डोळ्यांनीच तोलला जगन्नाथ कुबल,
लिलावात सुरमई तोलतात तसा:
पन्नास किलो. फार तर एक्कावन्न.

मालवण, रात्रीचे पावणेतीन.
एक्स-रेत उजव्या पडद्याखाली हवेची कोर,
द्वितीयेच्या चंद्राएवढी बारीक.
"कमरेक गोळ्ये खातंय," तो म्हणाला,
"रापणीचो दोर वडूचो लागता.
चार. कधी पाच. चायवांगडा."
शेवटचं काय जेवलात?
"पेज."
कधी?
त्याने फक्त हात हलवला.

पोट भरलेलंच समजायचं, असा नियम.
प्रेशर ऐंशी. प्रोपोफॉल परत ट्रेमध्ये ठेवलं,
केटामाइन भरलं. ते डोळे मिटू देत नाही,
माणूस तुमच्याकडे बघत बघत निघून जातो.
रोजिना सिस्टरने गळ्यावरचं कडं दाबून धरलं.
"मी सांगेपर्यंत सोडू नका."
मग स्कोलिन.

पापणीपासून पावलापर्यंत थरथर गेली,
कातडीखाली पेडवे उसळावेत तशी,
आणि तो थांबला.
या पाऊण मिनिटात श्वास त्याचा नसतो,
अजून माझाही झालेला नसतो.
नळी गेली. स्टेथोस्कोप डावीकडे, उजवीकडे.
"सोडा."

भोक हरभऱ्याच्या डाळीएवढं.
मांजरेकर सरांनी चरबीचा पदर ओढून
त्यावर ठिगळ बसवलं, तीन टाके.
मला जाळ्याची उपमा सुचली, सोडून दिली,
कारण प्रेशर साठवर आलं होतं.
बारा मिनिटं साठ.
सलाइनची पिशवी मी दोन्ही हातांनी पिळत होते.

अकराव्या दिवशी घरी सोडताना
वॉर्डातल्या काट्यावर तो अनवाणी उभा राहिला.
त्रेचाळीस.

मी केसपेपर मागे उलटला.
"वजन: अंदाजे पन्नास." अक्षर माझंच.
आता यातले किती किलो आजाराने नेले
आणि किती त्या रात्री मुळात नव्हतेच?
नव्हते, त्यांनाही मी भूल दिली का?
त्या बारा मिनिटांना कुणी विचारलं नाही.
सर म्हणाले, छान झाली केस.

"माका कायएक आठवणा नाय, बाय," तो म्हणाला.
"होडयेत होतंय, इतक्याच."
चपला घालायला वाकला,
वाकतावाकता कमरेवर हात गेला, तिथेच राहिला.
"गोळ्ये बंद म्हणतास,
मगे हेका काय घेव, ता सांगा."